अमेरिकेतलं आंतरराज्य कॉम्पॅक्ट: मुंबईची पदवी, नॉर्थ कॅरोलायनाचं लायसन्स आणि जॉर्जियातले पेशंट

रॅलेकर

नमस्कार मंडळी. इथे स्पीच आणि ऑडिओलॉजीतले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

माझं बीएएसएलपी आणि एमएएसएलपी (या क्षेत्रातली पदवी आणि पदव्युत्तर पदवी) दोन्ही मुंबईचं. नॉर्थ कॅरोलायनात राहते, तिथलं पूर्ण लायसन्स आहे, प्रॅक्सिस ही राष्ट्रीय परीक्षा झाली आहे, सीसीसी हे व्यावसायिक संघटनेचं प्रमाणपत्रही आहे. आमची कंपनी आता जॉर्जिया आणि ओहायोतली मुलं टेलिथेरपीसाठी घेणार आहे. कॉम्पॅक्ट म्हणजे एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या सदस्य राज्यात काम करू देणारा राज्यांमधला करार. मॅनेजरचं म्हणणं, "दोन्ही राज्यं कॉम्पॅक्टमध्ये आहेत, तेव्हा वेगळं काही लागत नाही, सोमवारपासून सुरू करा." हे इतकं सरळ आहे का? भारतातली पदवी कॉम्पॅक्टला चालते का? बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात का? आणि पुढच्या वर्षी आम्ही कदाचित ओहायोला राहायला जाऊ, तेव्हा या सगळ्याचं काय होतं? आमच्याकडे एक स्पीच असिस्टंट आणि एक क्लिनिकल फेलो (पदव्युत्तर शिक्षणानंतर देखरेखीखाली काम करणारी व्यक्ती) आहे, त्यांनाही हाच नियम आहे का?

सवाना_रोड

सोमवारपासून सुरू करू नका. मॅनेजरचं वाक्य अर्धंच बरोबर आहे.

या कराराचं पूर्ण नाव ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी इंटरस्टेट कॉम्पॅक्ट, बोलताना एएसएलपी-आयसी. मसुदा कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्नमेंट्सच्या मदतीने झाला, आशाने (अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, आपल्या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना) पाठिंबा दिला. दहा राज्यांनी कायदा केला की करार लागू, अशी अट होती. ती २०२१ मध्ये पूर्ण झाली आणि २०२२ च्या जानेवारीत करार चालवणाऱ्या कमिशनची पहिली बैठक झाली. आता तीसहून अधिक राज्यांनी कायदा केला आहे. नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया, ओहायो तिन्ही त्यात आहेत.

पण कायदा मंजूर होणं वेगळं आणि राज्याने प्रत्यक्ष प्रिव्हिलेज, म्हणजे बाहेरच्या लायसन्सधारकाला तिथे काम करायची परवानगी, द्यायला लागणं वेगळं. मधल्या काळात राज्याला नियम करावे लागतात, लायसन्स देणाऱ्या बोर्डाची माहिती कमिशनच्या डेटा सिस्टीमला जोडावी लागते आणि एफबीआयकडून गुन्हे-तपासणी करून घेण्याची कायदेशीर वाट मोकळी करावी लागते. त्या तपासणीसाठी राज्याच्या कायद्यातले शब्दसुद्धा एफबीआयला मान्य व्हावे लागतात, आणि बरीच राज्यं अडकतात ती तिथेच. म्हणून कमिशनच्या साइटवरचा नकाशा बघताना रंग नीट बघा. "सदस्य" आणि "प्रिव्हिलेज देतं" हे दोन वेगळे रंग आहेत. तुमच्या बाबतीत दोन्ही टोकं चालू हवीत: नॉर्थ कॅरोलायनाने तुम्हाला पात्र म्हणून पाठवायला हवं आणि जॉर्जियाने तुम्हाला घ्यायला हवं. एक टोक बंद असेल तर जॉर्जियाचं नेहमीचं लायसन्स काढणं हाच मार्ग. तो अर्ज करून ठेवण्यात काही नुकसान नाही.

प्रिव्हिलेज आपोआप मिळत नाही, हेही मॅनेजरला सांगा. प्रत्येक राज्यासाठी वेगळी मागणी आणि वेगळे पैसे, म्हणजे जॉर्जियाचं एक आणि ओहायोचं एक. रकमेत कमिशनचा भाग असतो आणि राज्य स्वतःची फी लावू शकतं. प्रिव्हिलेज हातात पडेपर्यंत जॉर्जियातल्या मुलाबरोबर घेतलेलं प्रत्येक सेशन विनापरवाना ठरतं, आणि त्याचा जाब कंपनीला नाही, तुम्हाला द्यावा लागतो.

मुदतीचं एक गणित आधीच मांडा. प्रिव्हिलेजची मुदत होम स्टेटच्या (तुम्ही राहता त्या राज्याच्या) लायसन्सच्या मुदतीबरोबर संपते. लायसन्सचे दोनच महिने उरले असतील तर आज पैसे भरून घेतलेलं प्रिव्हिलेजही दोनच महिने चालेल. आधी नूतनीकरण करा, मग प्रिव्हिलेज घ्या.

असिस्टंट आणि फेलो यांना हा करार लागू नाही. असिस्टंट त्यात धरलेलेच नाहीत. एसएलपीसाठी (स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्टसाठी) पदव्युत्तर देखरेखीखालचा अनुभव पूर्ण झालेला असणं ही पात्रतेची अट आहे, त्यामुळे क्लिनिकल फेलोही बाहेर. तुम्हाला जॉर्जियाचं प्रिव्हिलेज असलं तरी तुमच्या हाताखालच्या असिस्टंटने जॉर्जियातल्या मुलाला थेरपी द्यायची की नाही, हे जॉर्जियाचे असिस्टंटचे नियम ठरवतात.

पदवी_पडताळणी

भारतीय पदवीबद्दल सविस्तर लिहितो, कारण याबद्दल ग्रुपवर फार चुकीचं फिरतं.

करारात परदेशी पदवीसाठी सरळ वाट ठेवली आहे. अटी दोन, आणि दोन्ही पूर्ण व्हायला हव्यात. पहिली, तो अभ्यासक्रम आणि ती संस्था त्या देशातल्या अधिकृत मान्यता देणाऱ्या यंत्रणेने मान्य केलेली असावी. आपल्याकडे ती यंत्रणा म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया (आरसीआय). दुसरी, तो अभ्यासक्रम इथल्या लायसन्सिंग बोर्डाला मान्य असलेल्या अभ्यासक्रमाच्या तोडीचा आहे, हे स्वतंत्र पडताळणी संस्थेने तपासलेलं असावं. त्याशिवाय देखरेखीखालचं क्लिनिकल प्रॅक्टिकम, राष्ट्रीय परीक्षा, कोणताही ठपका नसलेलं चालू लायसन्स, व्यवसायाशी संबंधित फेलनी (गंभीर गुन्हा) नसणं, आणि सोशल सिक्युरिटी नंबर किंवा एनपीआय (आरोग्यसेवा देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक).

सीसीसी या यादीत नाही. सीसीसी असणाऱ्याला ही कागदपत्रं बहुधा तयार मिळतात, एवढाच त्याचा उपयोग. उलट बाजूही लक्षात घ्या: एखाद्या राज्याने आपल्या अधिकारात वेगळ्या निकषावर लायसन्स दिलं असेल, तर ते लायसन्स त्या राज्यापुरतं शंभर टक्के खरं, पण कॉम्पॅक्टचे समान निकष पूर्ण होत नसतील तर प्रिव्हिलेज मिळणार नाही. म्हणून बोर्डाला ईमेल करून नेमकं विचारा: "माझ्या फाइलमध्ये परदेशी पदवीचा तुलनात्मक पडताळणी अहवाल आहे का, आणि कॉम्पॅक्टसाठी तुम्ही तो ग्राह्य धरता का?" उत्तर लेखी घ्या.

अहवाल नसेल तर नॅसेसच्या (परदेशी पदव्या पडताळणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या) सदस्य संस्थेकडून कोर्स-बाय-कोर्स अहवाल करून घ्या. नुसता डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट अहवाल स्वस्त पडतो, पण त्यात "ही पदवी मास्टर्सच्या बरोबरीची" एवढंच येतं, विषय आणि क्रेडिट येत नाहीत. मग बोर्ड परत पाठवतं आणि दुसऱ्यांदा पैसे भरावे लागतात. गुणपत्रिका विद्यापीठाकडून बंद पाकिटात किंवा त्यांच्या ऑनलाइन व्यवस्थेतून थेट जायला हव्यात. पदवी ज्या विद्यापीठाची त्यांच्याकडेच मागायचं: मुंबई विद्यापीठ असेल तर तिथे, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ असेल तर तिथे. कॉलेजने दिलेलं ट्रान्सक्रिप्ट पुष्कळदा स्वीकारत नाहीत. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत किंवा नायर हॉस्पिटलच्या कॉलेजात शिकलेल्यांचा इथेच घोळ होतो: पदवी एका विद्यापीठाची, नंतरच्या बॅचची दुसऱ्याची, आणि अर्ज भलत्याच खिडकीवर.

क्लिनिकल तासांचं पत्र वेगळं मागा. लेटरहेडवर, मुलं आणि प्रौढ वेगळे, तपासणी आणि थेरपी वेगळी, भाषा, उच्चार, ओघ, आवाज, गिळणं, श्रवण असे विभाग पाडलेले, आणि देखरेख करणाऱ्याचा आरसीआय नंबर. "विद्यार्थिनीने इंटर्नशिप समाधानकारकरीत्या पूर्ण केली" या एका ओळीच्या पत्राने इथे काहीच सिद्ध होत नाही. आशाचा निकष ४०० तासांचा आहे: २५ निरीक्षणाचे, ३७५ प्रत्यक्ष कामाचे. त्याच साच्यात पत्र लिहून घेतलं की वाचणाऱ्याला बेरीज करावी लागत नाही.

जे अजून सीसीसीच्या वाटेवर आहेत त्यांच्यासाठी: मूलभूत विज्ञानाच्या अटीत भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र कॉलेज पातळीवरचं लागतं. बारावीचं फिजिक्स धरत नाहीत. बीएएसएलपीच्या पेपराच्या नावात अकूस्टिक्स (ध्वनिशास्त्र) असेल तर अभ्यासक्रमाची पानं जोडा, नाहीतर इथल्या कम्युनिटी कॉलेजात एक कोर्स करावा लागतो.

ऑडिओलॉजीवाल्यांची वाट यापेक्षा अवघड आहे. २००८ पासून इथल्या पदवीधरांना ऑडिओलॉजीत डॉक्टरेट लागते. परदेशी पदवीचं कलम त्यांनाही आहे, पण तुलना होणार ती एयूडीशी, म्हणजे इथल्या ऑडिओलॉजीच्या डॉक्टरेटशी. दोन वर्षांच्या भारतीय एमएस्सीला "तोडीची" म्हणणारा अहवाल मिळणं माझ्या मते कठीण आहे, आणि तसं तोंडी आश्वासन देऊन पैसे घेणाऱ्या सल्लागारांपासून लांब राहावं.

आणखी एक. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, न्यूझीलंड यांच्या संघटनांशी आशाचा परस्पर मान्यतेचा करार आहे. भारत त्यात नाही. शिवाय तो प्रमाणपत्रांचा करार आहे, लायसन्सचा नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

ठसे_आणि_नावं

ठशांबद्दल. लायसन्स जुनं असेल आणि तेव्हा राज्य ठसे घेत नसेल, तर कॉम्पॅक्टसाठी ते आता द्यावे लागतात. शाळेच्या नोकरीसाठी दिलेले ठसे बोर्डाला वापरता येत नाहीत. प्रत्येक यंत्रणेचा ओआरआय कोड (ठसे मागवणाऱ्या यंत्रणेचा ओळख क्रमांक) वेगळा असतो आणि निकाल त्या कोडवरच जातो. लाइव्ह स्कॅनच्या (मशीनवर ठसे द्यायच्या) अपॉइंटमेंटला जाण्याआधी बोर्डाकडून कोड लेखी घ्या आणि मशीनवरच्या माणसाने तोच टाकला ना, हे पावतीवर वाचून बघा. कोड चुकला की निकाल दुसऱ्याच ऑफिसात जातो आणि तुमची फाइल "प्रलंबित" म्हणून पडून राहते.

ठसे नापास होण्याचं मुख्य कारण कोरडी, झिजलेली त्वचा. आपल्या क्षेत्रात दिवसभर सॅनिटायझर चालतो, त्याने रेषा पुसट होतात. आठवडाभर आधीपासून रात्री क्रीम लावा, पण अपॉइंटमेंटच्या दिवशी लावू नका, तेलकट बोटही वाचलं जात नाही. दोनदा नापास झाले तर नावावरून तपासणी करण्याची सोय आहे. ती बोर्डाने मागायची असते, म्हणून दोन्ही नकाराची पत्रं जपून ठेवा.

आता नावं. मराठी माणसाचं सगळ्यात मोठं अडखळण इथे आहे. पदवीवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, काहींवर आईचंही. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललं आणि मधलं नावही बदललं, कारण आपल्याकडे मधलं नाव नवऱ्याचं होतं. इथल्या सिस्टीमला यातून तीन वेगळ्या बायका दिसतात. सोशल सिक्युरिटी, एनपीआय, राज्याचं लायसन्स आणि प्रॅक्सिसचा निकाल या चारही ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. आधी सोशल सिक्युरिटी कार्ड प्रमाण मानून बाकीचं त्याला जुळवा. एनपीआयची दुरुस्ती त्याच्या एनपीपीईएस या सरकारी साइटवर फुकट होते. लायसन्सवरच्या नावासाठी बोर्डाचा अर्ज असतो. पदवीवरचं नाव बदलत बसू नका: विवाह प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद, तिचं इंग्रजी भाषांतर आणि "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर भागतं.

रॅलेकर

खूप आभार. बोर्डाला आत्ताच ईमेल टाकला. नावाचा घोळ माझ्याकडेही आहे, एनपीआयवर माहेरचं आडनाव आहे. दोन गोष्टी राहिल्या: ओहायोला गेल्यावर काय, आणि शाळांचं काय? कंपनीचे जॉर्जियातले निम्मे पेशंट एका स्कूल डिस्ट्रिक्टचे आहेत. मेडिकेडही (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) आहे.

सवाना_रोड

आधी राहण्याचं. होम स्टेट म्हणजे तुम्ही जिथे राहता ते राज्य. ऑफिस कुठे आहे याच्याशी संबंध नाही. ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न, घराचा करार यावरून ते ठरतं. कॉम्पॅक्टसाठी एका वेळी एकच होम स्टेट लायसन्स.

ओहायोला जाताना क्रम असा ठेवा. ओहायोच्या लायसन्सचा अर्ज आधीच करता येतो, कराराने तशी मुभा आहे. पण राहायला आल्याचा पुरावा दिल्याशिवाय ते हातात मिळत नाही. ओहायोचं मिळालं की नॉर्थ कॅरोलायनाचं होम स्टेट लायसन्स निष्क्रिय होतं, आणि तिथले जुने पेशंट चालू ठेवायचे तर नॉर्थ कॅरोलायनासाठी प्रिव्हिलेज घ्यायचं. मधल्या आठवड्यांत नवीन पेशंट घेऊ नका आणि चालू पेशंटच्या पालकांना आधी सांगून ठेवा. सदस्य नसलेल्या राज्यात गेलात तर तुमचं लायसन्स नॉर्थ कॅरोलायनापुरतं उरतं आणि बाहेरची सगळी प्रिव्हिलेजेस जातात. नोकरीची ऑफर घेण्याआधी नकाशा बघायचा तो यासाठी. नवरा किंवा बायको सैन्यात सक्रिय असेल तर वेगळं: ते एक होम स्टेट ठरवून सेवेच्या काळात तेच कायम ठेवू शकतात.

शाळेचं उत्तर स्पष्ट आहे. कॉम्पॅक्ट आरोग्य-व्यवसायाच्या लायसन्सपुरतं आहे, शिक्षण खात्याच्या प्रमाणपत्रापुरतं नाही. जॉर्जियात शाळेतल्या एसएलपीचं प्रमाणपत्र प्रोफेशनल स्टँडर्ड्स कमिशन देतं. कंत्राटी टेलिथेरपीला ते लागतं की बोर्डाचं लायसन्स पुरतं, हे डिस्ट्रिक्टच्या करारात लिहिलेलं असतं. तुमच्या कंपनीकडून तो करार मागा आणि "पात्रता" हे कलम स्वतः वाचा. ओहायोतही शाळेसाठी शिक्षण खात्याकडे वेगळं काय लागतं, लायसन्स की नोंदणी, ते आधी विचारून घ्या.

मेडिकेड राज्यागणिक वेगळं. प्रिव्हिलेज असलं तरी जॉर्जिया मेडिकेडमध्ये तुमची प्रोव्हायडर म्हणून नोंदणी व्हावीच लागते. फॉर्मवर "लायसन्स नंबर" विचारतात तिथे प्रिव्हिलेजचा नंबर टाकायचा की होम स्टेटचा, हे त्यांच्या हेल्पलाइनला विचारून फोनचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. क्लेम नाकारला जाण्याचं कारण बहुतेक वेळा हाच रकाना असतो. व्यावसायिक विमाही तपासा, पॉलिसीवर सगळी राज्यं आहेत ना.

टेलि_थेरपी_नोंद

सवाना_रोड यांनी लिहिलंय त्यात रोजच्या कामाची भर घालते.

सेवा देताना क्लायंट ज्या राज्यात आहे त्या राज्याचे कायदे लागू. घरचा पत्ता नव्हे, त्या क्षणीची जागा. अटलांटाचं मूल उन्हाळ्यात आजीकडे दुसऱ्या राज्यात गेलं आणि तिथून आयपॅडवर बसलं, तर ते सेशन त्या दुसऱ्या राज्यातलं. म्हणून प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला पालकांना विचारायचं आणि नोटच्या पहिल्या ओळीत लिहायचं: "क्लायंट ऑगस्टा, जॉर्जिया, घरी, आई हजर, थेरपिस्ट रॅले, नॉर्थ कॅरोलायना." ऑडिट झालं तर हीच ओळ कामाला येते. आणि मुलाला अचानक काही झालं तर ९११ ला कुठला पत्ता द्यायचा हेही कळतं. तुमच्या फोनवरून ९११ लावलात तर तो रॅलेच्या केंद्रात जातो, म्हणून मुलाच्या काउंटीच्या आपत्कालीन केंद्राचा थेट नंबर फाइलवर ठेवा.

टेलिथेरपीची संमती, नोंदी किती वर्षं ठेवायच्या, पहिली तपासणी ऑनलाइन चालते का, असिस्टंटवरची देखरेख कशी, हे सगळं जॉर्जियाच्या नियमांनी. नॉर्थ कॅरोलायनाचा फॉर्म तसाच वापरू नका.

शिस्तभंगाचं कलम घाबरवण्यासाठी नाही, पण माहीत हवं. कोणत्याही लायसन्सवर किंवा प्रिव्हिलेजवर गेल्या दोन वर्षांत कारवाई झालेली असेल तर नवीन प्रिव्हिलेज मिळत नाही. होम स्टेटने लायसन्सवर बंधन घातलं तर सगळ्या राज्यांतली प्रिव्हिलेजेस जातात. बंधन उठून, कारवाईच्या तारखेपासून दोन वर्षं होईपर्यंत ती परत येत नाहीत. सदस्य नसलेल्या राज्याने कारवाई केली तर ती तीस दिवसांत तुम्हीच कमिशनला कळवायची. पूर्वी कधी घेतलेलं आणि विसरलेलं लायसन्स कुठे असेल तर ते नीट, लेखी अर्ज देऊन बंद करा. नुसतं सोडून दिलेलं लायसन्स आणि ठपका असलेलं लायसन्स यांतला फरक दाखवायला पुढे कागद लागतो.

शार्लटचा_वाचक

एक जोडप्रश्न. एच-१बी वर असलेल्यांना कॉम्पॅक्टने काही फरक पडतो का? आणि डिसेंबरात पुण्याला गेल्यावर तिथून जॉर्जियातल्या मुलांची सेशन्स घेता येतात का? की पुण्यातली मुलंच घ्यावीत?

पदवी_पडताळणी

व्हिसावर कॉम्पॅक्टचा परिणाम शून्य. एच-१बी मालकाशी आणि कामाच्या जागेशी बांधलेला आहे. घरून काम असेल तर घर हीच जागा. राज्य बदलून राहायला गेलात तर लायसन्सच्या आधी कंपनीच्या वकिलाला कळवा. भारतातून नव्याने येणाऱ्या एसएलपी आणि ऑडिओलॉजिस्टना कामाच्या व्हिसासाठी आरोग्य-कर्मचाऱ्यांचं प्रमाणपत्र लागतं, व्हिसास्क्रीन म्हणून सगळ्यांना माहीत आहे ते. राज्याचं लायसन्स किंवा सीसीसी त्याची जागा घेत नाही.

पुण्यातून जॉर्जियातली मुलं: लायसन्सच्या बाजूने बघितलं तर मूल जॉर्जियात आहे, तेव्हा जॉर्जियाचा नियम. अडतं ते पैशावर. मेडिकेअर आणि मेडिकेडचे पैसे देशाबाहेरून दिलेल्या सेवेसाठी चालत नाहीत, आणि बऱ्याच खासगी विमा कंपन्यांच्या करारातही तेच असतं. कंपनीचं गोपनीयता धोरण देशाबाहेर नोंदी उघडू देतं का, तेही बघावं लागेल. मेडिकेडच्या मुलांची सेशन्स तिथून घेऊ नका, सुट्टीच्या आठवड्यांसाठी बदली थेरपिस्ट ठरवा.

पुण्यातली मुलं घेण्यासाठी अमेरिकेतलं काहीच कामाचं नाही. भारतात राज्यवार लायसन्स नाही. १९९२ च्या रिहॅबिलिटेशन कौन्सिल कायद्याने एकच केंद्रीय पुनर्वसन नोंदवही (सीआरआर) आहे आणि त्यातली नोंद देशभर चालते. नोंद नसताना व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलम १३ सांगतं. इकडे आलेल्या बहुतेकांचा सीआरआर नंबर नूतनीकरणाविना संपलेला असतो. आरसीआयच्या पोर्टलवर जुन्या नंबरने लॉगिन करून मुदत तपासा, आणि संपली असेल तर विमानाचं तिकीट काढण्याआधीच अर्ज टाका. तिथेही नावाचा तोच प्रश्न येतो, राजपत्राची प्रत हाताशी ठेवा.